होळीला छाटायची, मृगात लावायची: पठारावरची सैल बाग

पुणे, सातारा, नगर, नाशिक या पट्ट्यात बंगल्याभोवती बाग करायची म्हटली की बहुतेक ठिकाणी एकच आराखडा पुढे येतो. मधोमध लॉन, कडेने गोल्डन डुरांटाची छाटलेली रांग, फाटकापाशी दोन पाम आणि कुंड्यांत मोसमी फुलं. पहिल्या वर्षी सगळं झकास दिसतं. मग लॉन दर आठ-दहा दिवसांनी कापा, डुरांटा सारखा छाटा आणि मे महिन्यात ५०० चौरस फुटांच्या हिरवळीला रोज दोन-अडीचशे लिटर पाणी घाला. नेमक्या त्याच दिवसांत गल्लीत टँकर येत असतात.

इथे सांगतोय ती बाग वेगळी. झाडं, झुडपं, गवतं एकमेकांत मिसळलेली, जरा अघळपघळ, आणि तीन पावसाळे काढले की बरीचशी आपल्या बळावर जगणारी. देखभाल शून्य असलेली बाग मात्र कुठेच नसते. काम राहतंच. फरक इतकाच, की ते रोज उठून करावं लागत नाही, हंगाम बघून वर्षातून चार-पाच वेळा करावं लागतं.

हा प्रकार युरोप-अमेरिकेत चांगलाच रुळलाय. डच बागरचनाकार पीट औडॉल्फ यांनी न्यू यॉर्कच्या हाय लाइनवर, म्हणजे बंद पडलेल्या उंच रेल्वेमार्गावर, गवतं आणि बहुवर्षायू फुलझाडांची लागवड आखली. तिचा पहिला टप्पा २००९ मध्ये खुला झाला. इंग्लंडच्या एसेक्स परगण्यात बेथ चॅटो यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला गाड्या लावायच्या जुन्या जागेवर खडीची बाग केली आणि तिला पाणी घालायचंच नाही असं ठरवलं. दोघांकडून घ्यायचं ते एवढंच, की जागेला मानवेल तेच झाड निवडा. त्यांच्या झाडांची यादी मात्र उचलू नका. लव्हेंडरचे ताटवे फोटोत मोहक दिसतात, पण आपल्या काळ्या मातीत, जुलैच्या झडीत त्याची मुळं कुजतात.

शिवाय त्यांचं आणि आपलं वर्षच उलटं आहे. त्यांची जमीन थंडीत झोपते, आपली फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत. पुण्याला वर्षाकाठी साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस, तोही जवळजवळ सगळा जून ते ऑक्टोबरमध्ये. जमिनीलगत जे काही उगवतं ते त्याच महिन्यांत वाढतं, फुलतं आणि बी टाकून मोकळं होतं. झाडांचं गणित वेगळं. पळस, पांगारा, गणेर ऐन फेब्रुवारी-मार्चमध्ये निष्पर्ण फांद्यांवर फुलतात, बहावा एप्रिल-मेमध्ये. म्हणून माझ्या मते पठारावरच्या बागेचं सूत्र असं: पावसाळा जमिनीवर फुलवायचा, उन्हाळा फांद्यांवर. मधल्या काळात जमीन पिवळी पडली तर पडू द्यायची. हे पटत नसेल, बारा महिने हिरवंगारच हवं असेल, तर आधी पाण्याची सोय बघा आणि मग बागेचं.

एक खुलासा. कोकण आणि गोव्यात पाऊस याच्या चौपट, माती जांभ्याची. तिथे सुरंगी, बकुळ, कुडा अशी वेगळीच मंडळी लागतात. खालची यादी घाटमाथ्याच्या पूर्वेकडची आहे.

आधी टेकडीवर जाऊन या

नर्सरीत जाण्यापूर्वी जवळच्या टेकडीवर दोनदा जायचं: एकदा सप्टेंबरमध्ये, एकदा एप्रिलमध्ये. पुणेकरांना वेताळ टेकडी आहे, इतरांना आपापली. सप्टेंबरमध्ये बघायचं की गवताच्या मधून कुठली फुलं डोकावतात, झुडपं एकेकटी आहेत की घोळक्याने. एप्रिलमध्ये बघायचं की कोण हिरवं राहिलंय आणि कोणाला फुलं आलीत. मेडशिंगी, काळा कुडा, गणेर यांना तिथे कोणी पाणी घालत नाही, तरी ती उभी असतात. तुमच्या अंगणात ती उभी राहणार नाहीत असं काही कारण नाही.

टेकडीवर गिरिपुष्पाचीही भरपूर झाडं दिसतील. ती वनीकरणात लावलेली परदेशी झाडं आहेत, त्यांना नमुना धरू नका. आणि टेकडीवरून रोप उपटून आणायचं नाही. कासच्या सड्यावरून, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावरून, तर मुळीच नाही. तिथली फुलं जांभ्यावरच्या वीतभर मातीवर आणि धो धो पावसावर पोसलेली असतात, तुमच्या अंगणात महिनाभरही काढणार नाहीत.

जागा वाचायची

कागदावर जागेचा कच्चा नकाशा काढा. सकाळी ९, दुपारी १ आणि संध्याकाळी ५ वाजता ऊन कुठे पडतं ते वेगवेगळ्या रंगांनी दाखवा. पश्चिमेच्या भिंतीलगतच्या पट्टीवर वेगळी खूण करून ठेवा, कारण मे महिन्यात ती भिंत रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत असते.

मग माती. एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल खड्डा खणा, काठोकाठ पाणी भरा, जिरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी तीन-चार तासांत उतरलं तर निचरा उत्तम. दुसऱ्या दिवशी सकाळीही तळाशी पाणी दिसलं तर ती खोल काळी माती आहे, किंवा खाली कातळ लागलाय. काळी माती ओली झाली की फुगते, सुकली की हातभर भेगा पडतात आणि नाजूक मुळं तुटतात. अशा ठिकाणी खोल खड्डे घेण्यापेक्षा नऊ इंच ते फूटभर उंचीचे सैल उंचवटे करा आणि त्यांवर लावा. वाळू मिसळण्याचा सल्ला सर्रास मिळतो. घमेलंभर वाळूने काळी माती सुधारत नाही, उलट घट्ट होते. त्यापेक्षा कुजलेलं शेणखत आणि पालापाचोळा घाला.

मुरमाड जमीन लागली म्हणून लोक हळहळतात आणि ट्रकभर लाल माती विकत आणतात. या बागेला मुरूम चालतो, किंबहुना आवडतो. ही झाडं अशाच जमिनीतली आहेत, फार सुपीक मातीत ती फोफावतात, लोळतात आणि लवकर म्हातारी होतात. बांधकामाचा राडारोडा तेवढा निवडून काढा. सिमेंट, चुना, फरशांचे तुकडे यांमुळे आधीच अल्कधर्मी असलेली आपली माती आणखी बिघडते. अनंताची पानं पिवळी का पडतात याचं उत्तर बऱ्याचदा यातच असतं. शंका असेल तर कृषी विज्ञान केंद्रात माती तपासून घ्या.

आता छपराचं पाणी. १००० चौरस फुटांच्या गच्चीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला की साधारण ९,३०० लिटर पाणी जमतं. हे बहुतेक घरांत पाइपातून थेट गटारात जातं. पाइपाचं तोंड बागेकडे वळवा. उताराला आडवा, फूट-दीड फूट रुंद आणि वीतभर खोल चर काढा आणि त्यात गोटे भरा. पाणी धावत न जाता तिथे थबकेल आणि जिरेल. चर घराच्या पायापासून किमान दहा फूट दूर असावा. त्याच्या कडेला ज्यांना जरा जास्त ओल लागते ती झाडं लावायची: ताम्हण, वाळा, गवती चहा.

वाट आधी, झाडं नंतर

आराखडा करताना पहिली रेघ वाटेची. तुम्ही फाटकापासून दारापर्यंत, दारापासून नळापर्यंत, नळापासून कपडे वाळत घालायच्या दोरीपर्यंत कसे चालता ते बघा आणि तिथेच वाट ठेवा. मुख्य वाट चार फूट, आतली अडीच फूट. पेव्हर ब्लॉक नकोत, पाणी अडतं. मुरूम ठोकून त्यावर बारीक खडी, किंवा अंतर ठेवून घातलेल्या काळ्या फरशा पुरेत. बसायची जागा एकच, पण संध्याकाळी सावली येईल तिथे.

दीड गुंठ्याची मोकळी जागा धरू, म्हणजे सुमारे सोळाशे चौरस फूट. त्यात एक मध्यम झाड, दोन-तीन लहान झाडं, दहा-बारा झुडपं आणि उरलेल्या जागेत गवतं, कंद, मोसमी फुलं. मोह होतो जास्त झाडं लावायचा. रोप फूटभर असतं तेव्हा जागा रिकामी वाटते. दहा वर्षांनी तीच झाडं एकमेकांच्या अंगावर येतात, खाली गर्द सावली होते आणि गवतफुलांचा खेळ संपतो. शिवाय शहरी भागात मोठं झालेलं झाड मनात आलं म्हणून तोडता येत नाही. महाराष्ट्रात १९७५ च्या वृक्षसंवर्धन कायद्यानुसार त्याला परवानगी लागते. काटेसावर कितीही आवडत असली तरी ती शेतावर लावा, बंगल्याच्या आवारात नाही.

अशी बाग विस्कटलेली न दिसता जमून आलेली वाटते, त्यामागे फार मोठं गूढ नाही. एकच साधं गवत किंवा झुडूप सगळीकडे पुन्हा पुन्हा येऊ द्यायचं आणि बाकीच्यांनी त्यातून डोकं काढायचं. तीस जातींची एकेक रोपं लावली की प्रदर्शन होतं. दहा-बारा जाती, त्यांतल्या तीन-चार भरपूर, एवढ्यावर थांबा. लावताना तीन, पाच, सात असे घोळके करा आणि घोळक्यातलं एखादं रोप मुद्दाम दोन हात लांब, दुसऱ्या घोळक्यात जाऊ द्या.

कोणाला घ्यायचं

*झाडं.* लहान जागेला पारिजातक, काळा कुडा, आपटा, मेडशिंगी. थोडी जास्त जागा असेल तर बहावा किंवा गणेर. भिंतीपासून दहा-बारा फूट सोडून. काळ्या कुड्याची पांढरी फुलं उन्हाळ्यात येतात, सावली विरळ असते, त्यामुळे खालचं गवत जगतं. आपटा लावाच. दसऱ्याला बाजारात आपटा म्हणून कांचनाच्या फांद्या सर्रास खपवतात. दारात झाड असलं की निदान घरातल्या मुलांना तरी दोन्हीतला फरक कळेल.

*सदाहरित आधार.* उन्हाळ्यात सगळंच उघडंबोडकं होऊ नये म्हणून झुडपांपैकी साधारण तिसरा हिस्सा पानं न गाळणारा असावा. करवंद, निर्गुडी, अडुळसा, कढीपत्ता, लिंबू. करवंदाचं कुंपण काटेरी, दाट आणि जवळजवळ बिनपाण्याचं, वर एप्रिल-मेमध्ये फळं. बुलबुलांना पुरून उरली तर आपल्याला. निर्गुडी वेगाने वाढते आणि कितीही छाटली तरी चालते. शेळ्या-गुरं तिला फारशी तोंड लावत नाहीत, हा गावाकडे मोठाच गुण.

*फुलणारी झुडपं.* तरवड, धायटी, कोरांटी, मुरुडशेंग, सावलीत अबोली आणि चित्रक. यांतलं एकच घ्यायचं तर मी तरवड घेईन. चार-पाच फुटांचं झुडूप, पिवळीधमक फुलं, आणि मुरूम जितका कोरडा तितकं ते खुशीत. त्याची कोवळी पानं ऑगस्टमध्ये उलटून बघा. पोपटी रंगाच्या, अंगावर बारीक ठिपके असलेल्या अळ्या पानाच्या मधल्या शिरेला चिकटून बसलेल्या असतात, इतक्या बेमालूम की नजर दोनदा फिरवावी लागते. आठवड्याभरात झुडपाचा शेंडा खाऊन फस्त होतो. बघणारा घाबरून फवारणीचा पंप शोधायला जातो. जाऊ नका. त्या फिकट पिवळ्या एमिग्रंट फुलपाखरांच्या अळ्या आहेत. पंधरा दिवसांत त्यांची फुलपाखरं होतात आणि तरवडाला नवी पालवी येते. याच हिशेबाने कढीपत्ता आणि लिंबावर मॉरमॉन फुलपाखरांच्या अळ्या येतील, रुईवर प्लेन टायगरच्या. रुई कुंपणाच्या कोपऱ्यात एक असू द्या, शनिवारी मारुतीच्या हाराला पानं होतात. तिचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका.

*गवतं.* बागेतलं गवत म्हणजे लॉन, ही समजूत सोडायची. मारवेल गुडघ्याच्या वर जातं, मऊ असतं, ऑक्टोबरच्या तिरप्या उन्हात त्याचे तुरे जांभळट चमकतात. वाळ्याचे ठोंब पुरुषभर होतात आणि मुळं खोल सरळ जातात, म्हणून उतारावर किंवा चराच्या काठी माती धरून ठेवायला त्याला तोड नाही. कुसळी दिसायला देखणी, पण तिची कुसळं कपड्यांत आणि कुत्र्याच्या कानात घुसतात, वाटेपासून लांब ठेवा. हरळी नको. ती सगळ्यांच्या मुळांत शिरते आणि मग निघत नाही.

*कंद आणि मोसमी फुलं.* पावसाळी लिली पहिल्या सरीनंतर जमिनीतून वर येते आणि उन्हाळ्यात पाणी न घालताही कंद शाबूत राहतात. सफेद मुसळी झाडाखाली. कळलावीची फुलं गौरीच्या सुमारास येतात, दुसरं काही तिच्या तोडीचं नाही. पण तिचा कंद आणि बिया जहाल विषारी असतात, घरात लहान मूल किंवा कुत्रं असेल तर विसरा. तेरडा आणि कुर्डू एकदा पेरले की दर वर्षी आपले आपण उगवतात, कधी नको तिथेसुद्धा. कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे सुकल्यावरही उभे राहतात आणि मुनिया तिथे बी टिपायला येतात.

*वेली.* गोकर्ण, कुसर, शतावरी, गुळवेल. गुळवेल मोठ्या झाडावर चढवली तर झाड झाकून टाकते, जाळीवर ठेवा.

आता कोणाला घ्यायचं नाही. घाणेरी आणि सिंगापूर डेझी नर्सरीत 'बिनकटकटीची' म्हणून विकतात. दोन्ही जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक जातींच्या यादीत आहेत. पिवळ्या-नारिंगी कॉसमॉसचं बी 'रानफुलांचं मिश्रण' म्हणून मिळतं आणि वाऱ्या-पाण्याबरोबर टेकडीवर जाऊन बसतं. सुबाभूळही नको. कमी देखभालीचं झाड आणि कुंपणाबाहेर पळणारं झाड यांत फरक आहे.

एक वाफा, मोजून

बारा फूट लांब, आठ फूट रुंद, दिवसभर ऊन, मागे कुंपणाची भिंत, मुरमाड माती. मागच्या बाजूला एक तरवड आणि एक धायटी, एकमेकांपासून पाच फुटांवर, पण एका रेषेत नाही, धायटी फूटभर पुढे. कोरांटीची पाच रोपं, तीन उजवीकडे आणि दोन डावीकडे पुढच्या अंगाला. उरलेल्या जागेत मारवेलचे चौदा ठोंब, दीड-दीड फुटांवर, कोरांटीच्या मधूनही शिरलेले. पुढच्या कडेला पावसाळी लिलीचे पंधरा-वीस कंद एकाच गठ्ठ्यात, पसरून नको. भिंतीवर गोकर्ण. दोन-तीन काळे दगड, तिसरा हिस्सा जमिनीत गाडलेले, नाहीतर ते ट्रकमधून पडल्यासारखे दिसतात. सरतेशेवटी मूठभर मातीत चिमूटभर तेरड्याचं आणि कुर्डूचं बी कालवून सगळीकडे उधळायचं.

पहिल्या वर्षी यात मारवेल बारीक आणि तेरडा दांडगा दिसेल. दुसऱ्या वर्षी गवत भरतं. तिसऱ्या वर्षी जुलैत लिली, ऑगस्टमध्ये तेरडा, पाठोपाठ तरवड आणि कुर्डू, थंडीत कोरांटी आणि जानेवारीपासून धायटीची लाल-केशरी फुलं असा क्रम लागतो. धायटी फुलली की सूर्यपक्षी येतातच.

तण: सगळ्या कटकटीचं मूळ

अशा बागा फसतात त्या बहुधा तणामुळे. आणि तण लागवडीनंतर काढणं हे लागवडीआधी काढण्यापेक्षा कैक पटींनी जिकिरीचं. मे महिन्यात जागा वरवर मोकळी करून घ्या, पण खोल नांगरू नका, नाहीतर खाली पडलेलं तणाचं बी वर येतं. वळवाचा एखादा पाऊस झाला की आठ-दहा दिवसांत जमीन हिरवी होते. हे सगळं तण. ते दोन पानांवर असतानाच, कडक ऊन बघून, खुरप्याने वरच्यावर कापून टाका. वळीव पुन्हा आला तर पुन्हा. वळीव आलाच नाही तर दोनदा पाइपाने पाणी मारून हाच डाव खेळता येतो.

लव्हाळा याला दाद देत नाही, त्याच्या गाठी खोल असतात. तो असेल तर त्या तुकड्यात लागवड एक वर्ष पुढे ढकला. एप्रिलमध्ये जमीन ओली करून तिच्यावर पारदर्शक प्लॅस्टिक सहा आठवडे घट्ट अंथरा, कडा मातीने दाबून, आणि पावसाळ्यात उरलेल्या गाठी टिकावाने खणून काढा. एका वर्षात तो पूर्ण जाईल असं मी म्हणणार नाही. आटोक्यात येईल.

गाजरगवत मात्र सोपं, फक्त वेळ साधायची. १९५० च्या दशकात त्याची नोंद पुण्यात झाली आणि तिथून ते देशभर पसरलं. फूल येण्याआधी, ओल्या जमिनीतून, मुळासकट उपटायचं. हातमोजे आणि तोंडाला रुमाल हवाच, अनेकांना त्याची ॲलर्जी असते.

मृगात लागवड

पहिल्या सरीला घाई नको. बोटं मातीत खुपसली की वीतभर ओल लागली पाहिजे. पठारावर हा मुहूर्त साधारण जूनच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत असतो. ऑगस्टनंतर लावलेल्या झाडाला मुळं धरायला पाऊस पुरत नाही.

नर्सरीत सहा फुटांचं रोप स्वस्तात मिळालं म्हणून हुरळू नका. दीड-दोन फुटांचं, दणकट खोडाचं घ्या. पिशवी कापल्यावर आधी तळ बघा. रोप पिशवीत दोन वर्षं अडकलेलं असेल तर मुळं तळाशी गोल गोल फिरून वेटोळं झालेलं असतं. ते तसंच लावलं तर झाड पुढे चार-पाच वर्षं जगतं आणि मग एखाद्या वादळात मुळापासून उलटतं. वेटोळं धारदार सुरीने कापून टाका, गोळ्याच्या बाजूंना तीन-चार उभ्या चिरा द्या. झाडाला काही होत नाही.

झाडाला दीड-दोन फुटांचा, झुडपाला फुटाचा खड्डा. तळ पहारीने सैल करा. खणलेल्या मातीत चौथा हिस्सा कुजलेलं शेणखत, बस. पिशवीतल्या मातीची पातळी आणि जमिनीची पातळी एकच ठेवा, खोड गाडू नका. माती पायाने न तुडवता हाताने दाबा. आळं खोडाला चिकटून न करता मुळांच्या गोळ्याच्या बाहेरून, दोन फूट व्यासाचं करा. काळ्या मातीत पावसाळ्यात आळं मोडून ठेवा, नाहीतर पाणी साचतं. ते ऑक्टोबरमध्ये पुन्हा बांधा.

यानंतर दोन-तीन इंच जाडीचं आच्छादन: पालापाचोळा, उसाचं पाचट, वाळलेलं गवत. खोडाभोवती हातभर जागा मोकळी ठेवायची, कारण वाळवी तिथूनच चढते. पाचोळा जाळू नका, पोत्यात भरून कचरागाडीला तर अजिबात देऊ नका. सोसायटीतले शेजारी देत असतील तर त्यांचाही घ्या.

पाणी तोडायचं कसं

पहिल्या वर्षी नोव्हेंबरपासून दर आठ-दहा दिवसांनी एका झुडपाला दहा लिटर, झाडाला वीस. मार्च ते मे आठवड्याला एकदा. रोज झारीने शिंपडलं की मुळं वरच्या दोन इंचांतच रेंगाळतात आणि उन्हाळ्यात भाजतात. खोल द्या, क्वचित द्या. दुसऱ्या उन्हाळ्यात पंधरवड्यातून एकदा. तिसऱ्या उन्हाळ्यात लिंबू, कढीपत्ता आणि ताम्हण सोडून बाकीच्यांचं पाणी तोडा. पानं गळतील, गणेर तर वाळून गेल्यासारखा दिसेल. खोडावर नखाने हलकं खरवडा, आत हिरवं असेल तर काळजी नाही. ठिबक बसवणार असाल तर तीन वर्षांपुरतंच समजा, बहुतेकांच्या नळ्या खारी तोवर कुरतडतातच.

वर्षभराचं काम

सर्वांत मोठं काम होळीच्या आसपास. तोपर्यंत गवताचं बी झडलेलं असतं, पाखरांनी हवं ते नेलेलं असतं, आणि वाळकं उभं गवत उन्हाळ्यात ठेवण्यात आगीचा धोका. विळ्याने ठोंब वीतभर ठेवून कापा आणि कापलेलं तिथेच आडवं पसरा, घराच्या आणि कुंपणाच्या कडेची तीन-चार फुटांची पट्टी मात्र मोकळी. पोकळ वाळक्या काड्यांची एखादी जुडी कोपऱ्यात बांधून ठेवा, एकेकट्या राहणाऱ्या मधमाश्या त्यात घरं करतात.

जुलै-ऑगस्टमध्ये खुरपणी, पहिल्या वर्षी दर पंधरा दिवसांनी, तिसऱ्या वर्षी हंगामात दोनदा. गणपती-गौरीनंतर निर्गुडी आणि अडुळशाची छाटणी. रासायनिक खत अजिबात नाही. शेणखतसुद्धा लागवडीनंतर द्यायची गरज नसते. दर तीन-चार वर्षांनी जूनमध्ये गवताचे ठोंब खणून, फोडून पुन्हा लावा, नाहीतर ते मधून पोकळ होतात.

शेजारी, साप आणि डास

'तुमच्याकडे जंगल माजलंय' हे ऐकायची तयारी ठेवा. याला उपाय समजावून सांगण्यापेक्षा कड नीट ठेवण्याचा. रस्त्याकडची दीड फुटाची पट्टी आखीव ठेवा, दगडाची बुटकी ओळ घाला, वाटेवर झुकलेलं गवत कापा, फाटक रंगवा. कड नेटकी असली की आतला पसारा मुद्दाम केलेला आहे हे बघणाऱ्याच्या लक्षात येतं आणि तक्रारी निम्म्याने कमी होतात.

सापांची भीती निराधार नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही विषारी साप महाराष्ट्रात आहेत. पण ते फुलांसाठी येत नाहीत, उंदीर-बेडकांमागे आणि अडगळीच्या आडोशाला येतात. घराभोवती चार फूट मोकळी, खडी टाकलेली पट्टी ठेवा. विटा, फरशा, लाकडं भिंतीला टेकवून रचू नका. कुत्र्या-मांजराचं उरलेलं अन्न रात्री बाहेर नको. वाटेलगत गुडघ्याखालचीच झाडं लावा, पावसाळ्यात रात्री टॉर्चशिवाय उतरू नका आणि खुरपताना पाचोळ्यात आधी काठी घाला, मग हात.

डास साचलेल्या पाण्यात होतात, झाडांत नाही. चरातलं पाणी दोन दिवसांत जिरायला हवं, जिरत नसेल तर चर रुंद करा. पाखरांसाठी ठेवलेली पाण्याची पसरट थाळी दर दोन दिवसांनी घासून भरा. छोटं तळं असेल तर गप्पी मासे सोडा, पण ते पुढे ओढ्या-नाल्यात जाणार नाहीत याची काळजी घेऊन.

बी धरून ठेवणं

तिसऱ्या वर्षापासून नर्सरीची गरज फारशी उरत नाही. तेरड्याच्या शेंगा पिकल्या की बोट लावताच फुटतात, म्हणून किंचित पिवळ्या पडल्या की मुठीत धरून तोडा. कुर्डूचे तुरे कागदी पिशवीत उलटे झटकले की काळं चकचकीत बी खाली पडतं. बी सावलीत आठवडाभर वाळवून, कागदी पुड्यांत, थोडी राख घालून डब्यात ठेवा, प्लॅस्टिकमध्ये नको. तरवड आणि बहाव्याच्या बियांचं कवच टणक असतं, ते जूनमध्ये तसंच पेरलं तर फार थोडं उगवतं. बी आधी खरखरीत पॉलिश पेपरवर एका बाजूने घासा, किंवा उकळतं पाणी खाली उतरवून जरा निवल्यावर त्यात टाका आणि रात्रभर राहू द्या. सकाळी फुगलेलं बी पेरायचं, न फुगलेलं पुन्हा घासायचं.